इंदूताईंचं चिडाचं झाड

शेवटच्या भेटीत इंदूताईंनी मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. मी, हल्ली राहते त्या नाशिकहून, येऊन वावरात पोचते न पोचते तोच त्या खाटेवरून उठल्या, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आधी झाडाला फेरी मारून येऊ, मग बसू." चालताना त्यांना धाप लागत होती. दर दहा पावलांवर थांबायच्या आणि आपण दमलो म्हणून नव्हे, तर काहीतरी दाखवायला थांबलोय, असा आव आणायच्या. झाडाखाली गळलेल्या सुईसारख्या पानांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या सुया बघा. झाडून टाकायच्या नाय. बुडाशी पसरून ठेवायच्या, पण खोडापासनं हातभर लांब. आन् उन्हाळ्यात इथं कुणाला बिडी पेटवू द्यायची नाय. लय लवकर धरतं हे." मी हसून म्हटलं, "हे मला कशाला सांगता? तुम्ही आहात की." त्या मान मागे टाकून शेंड्याकडे बघत राहिल्या. आठ दिवसांनी सकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा मंजूचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. "काकू, आई गेली." चहाचा कप घेऊन अंगणात बसल्या होत्या, बसल्याबसल्याच मान कलली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

इंदूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर बागलाणातलं नामपूर, शिक्षण सातवीपर्यंत. दारणा नदीच्या अंगाला आमचं वावर, तिथे भाजीपाला करायचा आणि देवळाली कॅम्पच्या बाजारात बसून विकायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं. अशा बाईवर पुरवणीत लेख कशासाठी, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. डोंगरातलं, थंड हवेतलं एक झाड त्यांनी नाशिकच्या मुरमात उभं केलं. नुसतं जगवलं नाही. असं उभं केलं, की ज्यांच्या मुलखातलं ते झाड, त्यांनीही बघून थक्क व्हावं. मला त्यांचा अभिमान वाटतो. रडू येतं तेव्हासुद्धा तो बाजूला सरत नाही.

माझे थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तोफखान्यात हवालदार होते. माझं लग्न होण्याआधी त्यांची नेमणूक गढवालच्या डोंगरात होती. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी छोट्या मंजूला खेळायला म्हणून चिडाचं, म्हणजे तिकडच्या पाइनचं, एक बोंड आणलं... लाकडातून कोरून काढलेल्या कमळाच्या कळीसारखं दिसणारं. मंजू दोन दिवस खेळली आणि विसरली. इंदूताईंनी ते उचलून कुरडया वाळत घातल्या होत्या त्याच बाजेवर उन्हात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते तडतडून उमललं आणि त्याच्या पाकळ्यांतून पंख असलेल्या बिया खाली पडल्या. "बी हाय म्हटल्यावर पेरायचं. त्यात इच्यार कसला?" हे त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी झाडाचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. "चीड? रागाचं झाड लावती का काय घरात?" पुढे कितीतरी वर्षं गावात ही थट्टा चालली. इंदूताई रागावल्या की कुणीतरी हमखास म्हणायचं, "झाडाचा गुण लागला."

मी लग्न होऊन आले तेव्हा परसात रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत वीतभर उंचीची दोन रोपं होती. दोन्ही पिवळी, मान टाकलेली. बाकीची आधीच गेली होती. इंदूताईंनी शेणखत घालून पाहिलं, राख घालून पाहिली, पाणी वाढवलं, कमी केलं. रोपं काही केल्या हिरवी होईनात. मी शाळेत शिकवते म्हणून मला सगळं माहीत असणार, अशी त्यांची समजूत. "तुमच्या पुस्तकात काय सांगितलंय?" त्या विचारायच्या. माझ्या पुस्तकात काहीच सांगितलेलं नव्हतं. मग एके दिवशी कॅम्पात मेथी विकून परतताना त्यांना एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाआड चिडाची दोन थोराड झाडं दिसली. त्या तडक फाटक उघडून आत गेल्या. तिथला म्हातारा माळी कचरूबाबा आधी तापला, मग पिवळ्या रोपांची हकिकत ऐकून खाली बसला. झाडाच्या बुडाची सुयांची गादी त्याने हाताने बाजूला केली आणि माती उकरून दाखवली. मुळांवर पांढऱ्या धाग्यांचं जाळं होतं. "ही बुरशी हाय. हिच्याबिगर ह्याला खाता येत नाय. तुझी माती चांगली असंल बाई, पण त्यात ही नाय. इथनं पाटीभर ने आन् मुळाशी घाल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून इंदूताईंनी मलाही बरोबर नेलं. येताना एसटीत आम्ही दोघी आणि आमच्यामध्ये गोणपाटाने झाकलेली पाटी. कंडक्टरने विचारलं, "काय हाय ह्यात?"

"माती."

"माती? तुमच्या गावात माती नाय व्हय?"

"हाय की," इंदूताई म्हणाल्या, "पण ती नापास झाली."

सगळी बस हसली. माझे मात्र कान लाल झाले होते. नवी सून, मास्तरीण आणि मांडीला मातीची पाटी! पण महिन्याभराने त्यांनी मला हाक मारून परसात नेलं. एक रोप मेलं होतं. दुसऱ्याच्या मधोमध पोपटी रंगाचा एक कोंब सरळ वर आला होता. इंदूताई त्याच्याकडे बोट दाखवत होत्या, पण बोट लावत नव्हत्या.

पुढचा प्रश्न होता, लावायचं कुठे. इंदूताईंनी अण्णांना पत्र लिहून विचारलं होतं की, हे झाड तिकडे दिसतं कसं? अण्णांचं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं. गर्दीत वाढलं तर नुसता खांब होतो, वर टोपीएवढी पानं. पण एखादं उघड्यावर एकटं असलं तर जमिनीपासून फांद्या धरतं आणि देवळाच्या शिखरासारखं दिसतं, असं त्यांनी लिहिलं होतं. झालं. इंदूताईंनी ठरवलं, आपलं झाड एकटं उभं राहणार. वावराच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. तिथे पाणी साचत नाही म्हणून तीच जागा त्यांनी नक्की केली, खड्डा घेतला, त्यावर उंचवटा केला, भोवती पाणी निघून जायला चर काढला. मग खड्ड्यापासून चारी दिशांना वीस-वीस पावलं मोजून दगड ठेवले. ह्या दगडांच्या आत दुसरं काही लावायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ना फळ, ना फूल, ना धड जळण. त्याच्यासाठी एवढं रान अडवती?" इंदूताई म्हणाल्या, "फळं द्यायला बाकीचं वावर हाय की, आत्या. हे बघायला." आमच्या घरात कुणी नुसतं बघण्यासाठी काही केल्याचं त्याआधी मी ऐकलं नव्हतं.

पहिली तीन वर्षं झाड गुडघ्याच्या वर गेलं नाही. मग जे निघालं ते थांबलंच नाही. दरवर्षी फांद्यांचा एक नवा वेढा, मध्ये सरळ दांडा, आणि वीतभर लांब सुयांचे झुपके... आणि ह्याच सुमाराला मी ते केलं, जे आजवर घरात कुणाला सांगितलं नाही. इंदूताई भावाच्या लग्नासाठी नामपूरला गेल्या होत्या. दगडांच्या आत गवत माजलं होतं, ते मोडायला औत फिरवायचं होतं आणि झाडाच्या खालच्या फांद्या बैलांच्या तोंडाशी येत होत्या. गड्याने विचारलं, "वहिनी, ह्या छाटू का?" मी म्हटलं, "छाट." एवढंच. एका बाजूचा खालचा वेढा अर्ध्या तासात सपाट झाला. मला वाटलं, आंबा छाटतो, पेरू छाटतो, तसं हे, पुन्हा फुटेल. इंदूताई परत आल्या, पिशवी ओसरीवर ठेवून सवयीने आधी माळावर गेल्या आणि तशाच परत आल्या. दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर नवीन येतील, मास्तरीणबाई. खालच्या येनार नाय आता कधी." त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पुढे कित्येक वर्षांत त्यांनी हा विषय काढला नाही, सासूबाईंना किंवा माझ्या यजमानांना तर त्यांनी कधी कळूच दिलं नाही की परवानगी मी दिली होती. गड्याच्या हातून चुकून झालं, असंच घरात सगळ्यांना वाटत राहिलं.

अण्णा निवृत्त होऊन आले तेव्हा झाड त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलं होतं. तोफांच्या आवाजाने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. चिडात वारा शिरला की लांबून नदी वाहत असल्यासारखा आवाज येतो, असं त्यांनीच कधी पत्रात लिहिलं होतं, आणि आता दारात तो आवाज यायला लागला तर त्यांना ऐकू येत नव्हता. मला आठवतं, आषाढातला सोसाट्याचा वारा होता. इंदूताईंनी त्यांना माळावर नेलं, त्यांचा तळहात धरून झाडाच्या खोडावर टेकवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. खोड तेव्हा मनगटाहून थोडंच जाड होतं, वाऱ्याने आतून थरथरत होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मी लांबूनच मागे फिरले.

मग वाटण्या झाल्या. दोन भावांची मुलं मोठी होत होती, कधीतरी हे होणारच होतं. गावातली चार जाणती माणसं ओसरीवर बसली. काळं रानही निम्मं-निम्मं, मुरमाडही निम्मं-निम्मं, अशी रेघ त्यांनी काढली आणि त्या रेघेने झाड आमच्या वाट्यात आलं. माझे यजमान म्हणाले, "ते झाड काढावं लागेल. मला तिथं द्राक्षाचा मांडव टाकायचाय." ते वाईट मनाने बोलले नाहीत, त्यांच्या लेखी ते झाडच होतं. इंदूताई दाराआड उभ्या होत्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. त्या एकदम बाहेर आल्या आणि चार पुरुषांसमोर मोठ्यांदा म्हणाल्या, "हाई झाड मनं शे!" म्हणजे, हे झाड माझं आहे. त्यांनी पदर सावरला, आवाज खाली आणला. "भाऊजी, खालचं काळं रान सगळं तुम्ही घ्या. विहीरबी तुमची. मला वरचा मुरमाड तुकडा अख्खा द्या. विहिरीचं आठवड्यातनं दोन दिवस पाणी द्याल, एवढं लिहून द्या." एक जाणते म्हणाले, "बाई, नुकसानीत जाशील." इंदूताई मागे वळल्या. अण्णांच्या कानाशी वाकून त्यांनी झालेली सगळी गोष्ट सांगितली. अण्णांनी ऐकलं, एकदा माळाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवशी आमच्या घरात गोड जेवण झालं. मी सगळ्यांना वाढलं आणि माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

त्या मुरमाडावर इंदूताईंनी काय केलं, हे आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. मुरमात पाणी थांबत नाही, तर साचलेलं पाणी न सोसणारी पिकं घ्यायची, एवढा साधा हिशोब. शेवंती लावली, मग गुलाब. तळ्यातली गाळाची माती डोक्यावरून वाहून वाफे भरले. अवकाळी पावसात आमच्या काळ्या रानातला कांदा सडला त्या साली त्यांची शेवंती बाजारात जात होती. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, तुम्हाला हे आधीच कळलं होतं का?" त्या म्हणाल्या, "छ्या! मला झाड पायजे होतं. बाकीचं मागनं सुचलं."

वाटणीनंतर दोन-तीन वर्षांनी गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि वादळाने झाडाचा शेंडा मोडून सुतळीला लोंबावा तसा लोंबत राहिला. माझे यजमान बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "संपलं. शेंडा गेला म्हणजे हे झाड आता वर जात नाही, नुसतं पसरतं." दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूताई आमच्या दारात आल्या. "मास्तरीणबाई, चला. शिडी धरायला कुणीतरी पायजे." वाटण्या झाल्यापासून त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही पहिलीच मदत, आणि ती त्यांनी माझ्याकडे मागितली. मी शाळेत रजा कळवली. अण्णा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने शिडी धरली. पन्नाशीला आलेली ती बाई साडीचा काष्टा मारून शिडी संपल्यावर फांद्यांच्या वेढ्यांवर पाय देत वर गेली. मी डोळे मिटून घेतले होते. वरून आवाज आला, "डोळं उघडा अन् बांबू द्या." मोडका शेंडा त्यांनी कोयत्याने तिरका कापला. त्याच्या खालच्या वेढ्यातली एक जोमदार फांदी निवडली, ती हळूहळू, चुचकारत उभी केली आणि जुन्या सुती पातळाच्या पट्ट्यांनी बांबूला बांधली. फार आवळून नाही... "काच बसला तर मरंल." खाली उतरल्या तेव्हा कोपरापर्यंत डिंकाने माखल्या होत्या. पुढे दर दोन महिन्यांनी त्या वर जायच्या, पट्ट्या सैल करायच्या, आणि दरवेळी मी शिडी धरायची. दोन पावसाळ्यांनी त्यांनी बांबू सोडला. फांदी शेंडा झाली होती. आज त्या उंचीवर नीट पाहिलं तर खोडात एक हलकीशी वळणाची खूण दिसते. इंदूताई ती पाहुण्यांना मुद्दाम दाखवायच्या.

त्या शिडीखाली मी एकदा म्हटलंच, "ताई, त्या खालच्या फांद्या..." त्यांनी वरूनच मला थांबवलं. "शिडी धरा नीट. बोलू नका."

पुढे झाड रस्त्यावरून दिसायला लागलं. एका दुपारी कॅम्पकडून येणाऱ्या बसमधून एक तरुण बाई उतरली आणि बांधावरून थेट झाडाकडे चालत आली. कॅम्पातल्या एका जवानाची बायको, गढवालची, चार महिन्यांपूर्वी इकडे आलेली. तिने खालच्या फांदीची एक सुई तोडून चुरगाळली, नाकाशी धरली आणि रडायलाच लागली. "दीदी, ये तो हमारा चीड है." इंदूताईंनी तिला आधी पाणी दिलं, मग आपल्या बाजारी हिंदीत म्हणाल्या, "हां, तुमाराच है. लेकिन रहता हमारे पास है." ती रडता रडता हसली. मग तिने झाडाभोवती चक्कर मारली आणि म्हणाली, आमच्या गावाकडे बायका जळणासाठी खालच्या फांद्या तोडतात, सगळी झाडं उघड्या खांबांसारखी. "नीचे तक डालियों वाला ऐसा चीड तो हमारे गांव में भी नहीं है." इंदूताईंचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, ते मला सांगता येणार नाही, मी शाळेत होते. संध्याकाळी त्या स्वतः आमच्या घरी आल्या आणि ते वाक्य त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं. ती बाई नवऱ्याची बदली होईपर्यंत दर महिन्याला यायची. झाडाखाली बसायची, घरी फोन करायची आणि जायची.

इंदूताईंना नेलं त्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. कुणीतरी सुचवलं, त्यांच्या हातचं झाड आहे, त्याची एक फांदी सरणावर ठेवू. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता. दोघं कोयता आणायलाही निघाले. मंजूने अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलं. अण्णा तोवर भिंतीला टेकून नुसते बसले होते. ते उठले आणि दाराच्या चौकटीला धरून म्हणाले, "फांदी तोडायची नाय. तिनं कुणाला तोडू दिली नाय." मंजूने खाली पडलेल्या सुया ओंजळीत गोळा केल्या आणि आईच्या उशाशी ठेवल्या.

परवा मी वावरात गेले होते. अण्णा आता मंजूजवळ राहायला जायला तयार नाहीत, म्हणून आम्ही आळीपाळीने जातो. अकराच्या सुमाराला एक मिनीबस बांधाशी थांबली. रोपवाटिकेचा अभ्यासक्रम शिकणारी पंधरा-वीस मुलंमुली आणि त्यांचे सर. दरवर्षी ते एकदा येतात. इंदूताई त्यांना तासभर सगळं समजावून सांगायच्या, मातीच्या पाटीपासून. सरांना बातमी कळलेली नव्हती. मी सांगितल्यावर ते अवघडले, मुलांना परत चला म्हणू लागले. तेवढ्यात मुली झाडापर्यंत पोचल्याही होत्या. त्यातली एक, डोळ्यांवर हात धरून, वर बघत म्हणाली, "किती भारी वाढलंय ना हे झाड!"

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी वाकून मुलीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते काठी टेकत उठले, माझा हात बाजूला सारून एकटेच झाडापर्यंत चालत गेले आणि त्या मुलीसमोर उभे राहिले. कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज मोठा, सगळ्या माळाला ऐकू जाणारा.

"वाढलं नाय, पोरी. वाढवलंय. इंदूनं."

माझ्या लग्नापासून आजवर, अण्णांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.